शाळेतली देशभक्तिगीतं : आदर मागता येतो, उच्चार मागता येतो का?



आजचा प्रश्न मांडायला सोपा आहे. शाळेत परिपाठ सुरू आहे. देशभक्तिपर गीत चाललंय. दोनशे मुलं म्हणताहेत. रांगेतलं एक मूल ताठ उभं आहे, हात सरळ, नजर समोर, पण ओठ मिटलेले. विचारलं तर ते सांगतं, 'आमच्या धर्मात हे चालत नाही.' आता गुरुजींनी काय करायचं? दुर्लक्ष करायचं, समजावायचं, रागवायचं, की पालकांना बोलावून 'दाखला घेऊन जा' म्हणायचं?

याची दोन झटपट उत्तरं आपल्याकडे तयार असतात. पहिलं, 'या मातीतलं अन्न खाता, मग दोन ओळी म्हणायला काय जातं?' दुसरं, 'गाण्यानं काय देशभक्ती येते? बंदच करा ना ते सगळं!' पहिल्या उत्तरात त्या मुलाचा विचार नाही. दुसऱ्यात बाकीच्या एकशे नव्व्याण्णव मुलांचा नाही, आणि गाण्याची ताकदही त्यात विसरली जाते. गाण्यानं काही होत नाही, असं निदान मोझरीत बसून तरी कुणी म्हणू नये. महाराजांची खंजिरी वाजली की गावं गोळा होत. १९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सरकारनं त्यांना अटक केली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजनं म्हणणाऱ्या माणसाला सरकार काहून पकडतं? गाण्यात ताकद असते म्हणूनच ना? तेव्हा गाणं महत्त्वाचं आहे, हे गृहीत धरूनच आपण पुढे जाऊ. महत्त्वाचं आहे म्हणूनच सक्तीचा प्रश्न अवघड होतो.

हा प्रश्न मधूनमधून पेटत असतो. २०२५ च्या ७ नोव्हेंबरला 'वंदे मातरम्'ची दीडशे वर्षं साजरी झाली. त्या निमित्तानं राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं ३१ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर या काळात शाळांमधून संपूर्ण गीत म्हणावं, असं कळवलं. लगेच हरकत आली, हरकतीवर हरकत आली. डिसेंबरात संसदेतही चर्चा झाली. वाहिन्यांवर आठ दिवस आवाज झाला. या सगळ्या आवाजात एक गोष्ट कुणी शांतपणे विचारली नाही, की आपण मुलाकडून नेमकं काय मागतो आहोत?

परिपाठात काय काय असतं

आधी वस्तू वेगळ्या करून घेऊ. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ही खोड असते, पण इथं ती उपयोगाची आहे.

आपल्या परिपाठात राष्ट्रगीत असतं, म्हणजे 'जन गण मन'. प्रतिज्ञा असते. संविधानाची उद्देशिका असते. प्रार्थना असते. बऱ्याच शाळांत 'वंदे मातरम्' असतं, ते राष्ट्रीय गीत. १९ फेब्रुवारी २०२३ पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झालं, तेही आलं. शिवाय समूहगीत. आपण बोलताना या सगळ्यांना 'देशभक्तिगीतं' म्हणतो, पण प्रत्येकाचा दर्जा निराळा आहे आणि प्रत्येकावरची हरकतही निराळी.

२४ जानेवारी १९५० ला संविधान सभेत अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी निवेदन केलं. 'जन गण मन' राष्ट्रगीत होईल आणि स्वातंत्र्यलढ्यातल्या कामगिरीमुळे 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान राहील, असा त्याचा आशय. मानाविषयी ते बोलले. सक्तीविषयी त्यात शब्द नाही. पुढे बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं मूलभूत कर्तव्यं आली. त्यांतल्या पहिल्याच कलमात, म्हणजे ५१-क मध्ये, राष्ट्रध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर राखणं आलं. तिथंही शब्द 'आदर' आहे, 'गायन' नाही. आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही लक्षात आणून दिलं, की या कलमात राष्ट्रगीत आहे, राष्ट्रीय गीताचा उल्लेख नाही.

आता हरकत काय आहे ती बघू. मुस्लिम समाजातल्या ज्यांची 'वंदे मातरम्'वर हरकत आहे, ते म्हणतात, वंदन फक्त अल्लाहला. गीताच्या नंतरच्या कडव्यांत मातृभूमीला दुर्गेच्या रूपात पाहिलं आहे, ते आमच्या एकेश्वरी श्रद्धेत बसत नाही. 'यहोवाचे साक्षीदार' हा ख्रिस्ती पंथ आणखी पुढे जातो. कोणत्याही देशाचं राष्ट्रगीत म्हणणं ही त्यांना देवाच्या वाट्याची भक्ती दुसऱ्याला देण्यासारखी गोष्ट वाटते. ते उभे राहतात, म्हणत नाहीत.

हेही सांगितलं पाहिजे की कितीतरी मुस्लिम बांधव 'वंदे मातरम्' मनापासून म्हणतात. मग लोक विचारतात, 'ते म्हणतात, तर तुम्हाला काय झालं?' पण एका समाजात दोन मतं आहेत म्हणून दुसऱ्या मताच्या माणसाची अडचण खोटी ठरत नाही. आपल्याकडेही एकाच घरात एक जण एकादशी कडक धरतो आणि दुसरा साबुदाण्यापुरती. कुणाचं मन खरं, हे ठरवायला आपण पंच बसवत नाही.

पैनगंगेच्या दोन तीरांवर

आता इतिहास. दिल्लीचा नाही, आपला वऱ्हाडचा आणि शेजारचा. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आपल्या भागानं एकाच वर्षी पाहिल्या आहेत.

आधी थोडं मागं जाऊ. १९०७ साली भारत सरकारचे गृहसचिव रिस्ले यांच्या नावानं ओळखलं जाणारं परिपत्रक निघालं. विद्यार्थ्यांनी राजकारणात पडू नये, हा त्याचा रोख. नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात तपासणीला आलेल्या साहेबाचं स्वागत वर्गावर्गांतून 'वंदे मातरम्'च्या घोषानं झालं. माफीची अट घातली गेली. पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन करणारे केशव हेडगेवार हे त्या मुलांतले. त्यांनी माफी मागितली नाही, शाळा सुटली, आणि पुढचं शिक्षण यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत झालं, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. त्या मुलांचा गुन्हा काय? तर ती म्हणाली.

आता १९३८. तेव्हा आपण 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या प्रांतात. गंमत अशी की कागदोपत्री वऱ्हाड अजूनही निझामाचं, कारभार इंग्रजांचा, आणि १९३७ पासून प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ. पैनगंगेच्या पलीकडे मराठवाड्यात मात्र कारभारही निझामाचाच.

पलीकडच्या तीरावर काय झालं? उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात विद्यार्थी प्रार्थनेच्या खोलीत 'वंदे मातरम्' म्हणत. सरकारनं मनाई केली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातही तेच. विद्यार्थ्यांनी मनाई मोडली, संप केला, आणि शेकडो जणांची नावं पटावरून कमी झाली. मग ते गेले कुठे? आपल्याकडे आले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. तेच पुढे रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले. विदर्भाला ही आठवण अभिमानाची आहे, आणि असायला हवी.

आणि अलीकडच्या तीरावर? त्याच काळात शिक्षणमंत्री आणि नंतर प्रांताचे पंतप्रधान झालेले रविशंकर शुक्ल यांची 'विद्यामंदिर' योजना आली. गावानं जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. कल्पना चांगली होती. पण 'मंदिर' या शब्दाला मुस्लिमांची हरकत आली. १९३८ च्या अखेरीस मुस्लिम लीगचा पीरपूर अहवाल प्रसिद्ध झाला. काँग्रेसच्या प्रांतांविषयीच्या त्याच्या तक्रारींत एक तक्रार अशी, की मुस्लिम मुलांना 'वंदे मातरम्'ला सामोरं जावं लागतं. त्या अहवालात किती खरं आणि किती फुगवलेलं, यावर इतिहासकारांत वाद आहे. पुढे राजेंद्रप्रसादांनी निःपक्ष चौकशीची तयारी दाखवली, जिनांनी ती नाकारली. लीगला राजकारण करायचं होतं, हे तर उघडच आहे. पण राजकारणाला सरपण कुठून मिळालं? शाळेच्या रांगेत अवघडून उभ्या राहिलेल्या मुलाच्या घरातून. ते सरपण कुणी पुरवायला नको होतं.

आता दोन्ही तीर एकत्र ठेवून बघा. गीत एकच. वर्ष एकच. पलीकडे म्हणणाऱ्याला काढलं, अलीकडे न म्हणणाऱ्याची कुचंबणा झाल्याची तक्रार. आपण पलीकडच्या विद्यार्थ्यांच्या बाजूनं उभे राहिलो ते कशाच्या बळावर? 'ते गीत चांगलं आहे म्हणून' असं म्हणाल, तर निझामही म्हणेल, 'माझ्या मते वाईट आहे.' मग ज्याची सत्ता त्याचं मत, एवढंच उरतं. पण 'कुणाच्या तोंडात कोणतं गीत असावं हे सरकारनं ठरवू नये' असं म्हणालो, तर ते विद्यार्थी वाचतात. मात्र मग अलीकडच्या तीरावर ओठ मिटून उभं असलेलं मूलही त्याच वाक्यानं वाचतं. म्हणण्याचा हक्क आणि न म्हणण्याचा हक्क यांचं मूळ एकच आहे. एक तोडलं की दुसरं वाळतं.

त्या पिढीतल्या शहाण्या माणसांना हे कळत होतं. १९३७ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यात काँग्रेस कार्यसमितीनं ठराव केला. राष्ट्रीय सभांत 'वंदे मातरम्'ची पहिली दोन कडवी म्हणावीत, आणि संयोजकांना त्याऐवजी दुसरं निर्दोष गीत म्हणण्याची मोकळीक असावी. त्यापूर्वी रवींद्रनाथांचा सल्ला घेतला होता. याच रवींद्रनाथांनी १८९६ च्या काँग्रेस अधिवेशनात ते गीत गायलं होतं. सेवाग्रामला राहणाऱ्या गांधीजींनी १९३९ मध्ये 'हरिजन'मधून लिहिलं, की मला हे गीत प्रिय आहे, पण संमिश्र सभेत त्यावरून एकही भांडण मी ओढवून घेणार नाही. १९३६ मध्ये आपले महाराज याच सेवाग्रामला महिनाभर राहिले होते. हा सगळा शेजार आहे आपला.

काही जण म्हणतील, हे मवाळपण झालं. पलुस्करांनी १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात काय केलं? अध्यक्ष मौलाना महंमद अलींनी हरकत घेतली तरी कुरुंदवाडच्या या गवयानं गीत पूर्ण म्हटलं. बरोबरच केलं, असं मीही म्हणतो. स्वतःचं गाणं थांबवायला ते तयार नव्हते. पण दुसऱ्या कुणाला त्यांनी गायला लावलं नाही. या दोन गोष्टींमध्ये सगळा फरक आहे.

बोलणं हीसुद्धा कृती असते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपण मुलाकडून तीन वेगवेगळ्या गोष्टी मागू शकतो. पहिली, ज्ञान. गीत कुणी लिहिलं, अर्थ काय, लोकांनी त्यासाठी काय सोसलं. दुसरी, आदर. गीत चाललं असताना नीट उभं राहणं, गडबड न करणं. तिसरी, उच्चार. म्हणजे ते शब्द स्वतःच्या तोंडानं, स्वतःचे म्हणून काढणं.

पहिल्या दोन गोष्टी शाळेनं जरूर मागाव्यात. सक्तीनं मागाव्यात. तिसरी मागताना मात्र शाळा एक उंबरठा ओलांडते. कसा?

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती बोलण्यातूनच काहीतरी करतात. 'मी वचन देतो' म्हटलं की वचन दिलं गेलं. निकाहात 'कबूल' म्हटलं की लग्न लागलं. सत्यनारायणाला गुरुजी संकल्प सोडायला सांगतात, तेव्हा आपण हवामानाची बातमी देत नसतो. वंदन करणं, शपथ घेणं, स्वतःला अर्पण करणं ही सगळी अशीच वाक्यं. ती म्हणणं म्हणजे ती कृती करणं. म्हणून 'दोन ओळी म्हणायला काय जातं' हा प्रश्नच चुकीचा. काही जात नसेल तर म्हणायला लावायचं तरी कशाला? आणि जात असेल, तर ते कुणाचं जातंय याचा हिशेब करायला नको का?

आपल्या राज्यव्यवस्थेला हे चांगलं ठाऊक आहे. मंत्री शपथ घेतात तेव्हा संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन वाटा आहेत. कुणी ईश्वरसाक्ष शपथ घेतो, कुणी गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो. देवाचं नाव घ्या किंवा घेऊ नका. कुणी विचारत नाही, कुणी रागावत नाही, मंत्रिपद जात नाही. कोर्टात साक्षीदारालाही ही मोकळीक आहे. राष्ट्रपतीला जी मोकळीक दिली, ती पाचवीतल्या मुलाला द्यायला आपल्याला जड का जावं? मोठ्या माणसाला स्वतःचं संरक्षण करता येतं. मुलाला येत नाही. म्हणून त्याला ती जास्त हवी.

गप्प उभं राहणं म्हणजे अपमान का?

इथं केरळचा खटला सांगितलाच पाहिजे. १९८५ साली 'यहोवाचे साक्षीदार' पंथातली तीन भावंडं, दहावी, नववी आणि पाचवीतली, राष्ट्रगीताच्या वेळी उभी राहत पण गात नसत. वर्षानुवर्षं कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग विषय विधानसभेत निघाला. चौकशी झाली, आणि मुलांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असाच निष्कर्ष निघाला. तरी वरून आलेल्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेनं त्यांना काढलं. १९०७ ची मुलं म्हणाली म्हणून गेली, ही मुलं म्हणाली नाहीत म्हणून. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांनी निकाल दिला. राष्ट्रगीत म्हणायलाच पाहिजे असा कायदा नाही. आदरानं उभं राहणारा अनादर करत नाही. मुलांना काढल्यानं त्यांच्या अभिव्यक्तीच्या आणि धर्माच्या स्वातंत्र्याचा भंग झाला. त्यांना परत घ्या.

१९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदा वाचला, तर त्यातही गुन्हा आहे तो राष्ट्रगीत म्हणणाऱ्यांना मुद्दाम अडवण्याचा, किंवा जमलेल्यांत व्यत्यय आणण्याचा. आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात सांगितलं, की परिपाठाच्या प्रार्थनेला हात जोडायची सक्ती शिक्षकावर करता येत नाही. शिक्षकाला जे लागू, ते विद्यार्थ्याला लागू नाही असं कसं म्हणणार?

अमेरिकेचा अनुभवही शिकण्यासारखा आहे. १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं याच पंथाच्या मुलांवर झेंड्याला सलाम करण्याची सक्ती योग्य ठरवली, आठ विरुद्ध एक अशा बहुमतानं. निकालानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. लोकांना वाटलं, हे देशद्रोही आहेत असं कोर्टानंच सांगितलं. तीन वर्षांत, १९४३ च्या जूनमध्ये, ऐन महायुद्धात, त्याच न्यायालयानं स्वतःचा निकाल फिरवला. देश लढत होता, झेंड्याची किंमत सर्वांत जास्त होती, आणि तरीही त्यांनी मुलांच्या ओठांवरची सक्ती काढली. देश काही कमकुवत झाला नाही.

पण कोर्टाचे दाखले बाजूला ठेवले, तरी गप्प उभं राहणं म्हणजे काय हे मोझरीला समजावून सांगायची गरज नाही. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांच्या निर्वाणाच्या क्षणी, लाखो माणसं आपापल्या जागी स्तब्ध उभी राहतात. ज्यांनी आयुष्यभर भजनं म्हटली आणि म्हणवून घेतली, त्या संताला आपण सर्वांत मोठी श्रद्धांजली देतो ती मौनाची. त्या मौनात हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती सगळे सारखे उभे असतात. तिथं कुणाला वाटतं का, की ही माणसं बोलत नाहीत म्हणजे अपमान करताहेत?

तीन खरे आक्षेप

दुसऱ्या बाजूचे आक्षेप पोकळ नाहीत. त्यांतले तीन बळकट आहेत.

पहिला: 'आधी कृती, मग भाव. मूल रोज म्हणेल, तर हळूहळू प्रेम निर्माण होईल.' हा आक्षेप जुना आहे. जॉन लॉकनं १६८९ मध्ये सहिष्णुतेवरचं पत्र छापलं. बळानं शरीर वाकवता येतं, श्रद्धा नाही, असं त्याचं म्हणणं. त्यावर जोनास प्रोस्ट नावाच्या धर्मगुरूनं उत्तर दिलं, की थेट नाही, पण बळानं माणूस विचार करायला लागतो, मग श्रद्धा येते. यात तथ्य आहे. सवयीनं भाव घडतो. आपण पोरांना पाया पडायला लावतो ते याच विश्वासानं. पण कोणती सवय लागते ते बघा. ज्याला काहीच अडचण नाही, त्याला गाण्याची सवय लागते. ज्याच्या घरचा धर्म आडवा येतो, त्याला गुरुजी बघत असताना ओठ हलवायची सवय लागते. मनात नसलेलं तोंडानं म्हणायचं, याला आपल्या संतांनी दंभ म्हटलं आहे आणि त्यावर कोरडे ओढले आहेत. शाळेनं तो शिकवू नये.

दुसरा: 'एकाला सूट दिली की उद्या दुसरा म्हणेल गणित नको, तिसरा म्हणेल विज्ञान नको.' इथं मघाचा फरक कामाला येतो. ज्ञानातून सूट नाही. उत्क्रांतीचा धडा कुणाच्या धर्माला पटो न पटो, परीक्षेत उत्तर लिहावंच लागेल. पण परीक्षक 'तुझा यावर विश्वास आहे का' असं विचारत नाही. 'वंदे मातरम्'चा इतिहास, १९०७, १९३८, हे सगळ्या मुलांनी शिकावं, हरकत असलेल्यांनीही. उलट, हरकत असलेल्यांनी जास्त नीट शिकावं. शिकणं आणि वाहून घेणं यांत फरक आहे. तसंच करातून सूट नाही, कायद्यातून नाही, दुसऱ्याच्या हक्काला धक्का लागत असेल तिथं नाही. रांगेतलं एक मूल गप्प राहिलं, तर बाजूच्या मुलाचं काय कमी होतं?

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. 'हरकत मुलाची आहे की आईबापाची?' सात वर्षांच्या मुलाला धर्मशास्त्र काय कळतं? खरं आहे. कदाचित त्याला गायचंही असेल. मग आपण कुणाचं स्वातंत्र्य जपतो आहोत? माझं उत्तर असं आहे, की शाळेनं मुलाला आईबापापासून तोडायचं नाही आणि आईबापांच्या वतीनं त्याच्यावर पहाराही ठेवायचा नाही. ते गप्प राहिलं, तर राहू द्या. एखाद्या दिवशी गायलं, तर गाऊ द्या. घरी कळवायला जाऊ नका. शाळेत दार दोन्ही बाजूंनी उघडं असावं. मोठं झाल्यावर ते स्वतः ठरवेल, आणि तेव्हा आठवेल की या शाळेनं आपल्यावर जबरदस्ती केली नव्हती. देशाविषयीच्या प्रेमाला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

मग शाळेनं करायचं काय?

तत्त्वज्ञानाचे मास्तर नुसतं विश्लेषण करून निघून जातात, असा आमच्यावर आरोप असतो. म्हणून व्यवहाराचं बोलतो.

गीतं बंद करू नका. उलट चांगली शिकवा. आपल्या कित्येक शाळांत ती इतकी बेसूर आणि घाईघाईत उरकली जातात, की खरा अनादर तिथंच होतो. पेटी वाजवणारं कुणी गावात असेल तर बोलवा. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी 'वंदे मातरम्' समूहाला गाता यावं, बँडवर वाजवता यावं म्हणून किती खटपट केली, ते मुलांना सांगा. अर्थ सांगा. इतिहास सांगा, पैनगंगेच्या दोन्ही तीरांचा.

सगळ्यांनी उभं राहावं, शांत राहावं, हा नियम ठेवा आणि तो सगळ्यांना लावा. गप्प राहण्याचा हक्क म्हणजे बसून राहण्याचा, हसण्याचा, गाणाऱ्या मित्राला टोमणे मारण्याचा हक्क नव्हे. हरकत असलेल्या पालकांनी हे मुलाला घरी शिकवलं पाहिजे. ते त्यांचं कर्तव्य आहे.

गप्प राहणाऱ्याला वेगळ्या रांगेत काढू नका. सर्वांसमोर कारण विचारू नका. धर्मगुरूचं पत्र मागू नका. गुण, हजेरी, शिष्यवृत्ती, दाखला यांच्याशी गाण्याचा संबंध जोडू नका. आणि शाळा व्यवस्थापन समितीत कुणी आवाज चढवला, की 'गुरुजी, त्या पोट्ट्याले म्हणायले लावा', तर मुख्याध्यापकांनी शांतपणे सांगावं, की त्यानं उभं राहून मान ठेवला आहे, कायदा एवढंच मागतो, आणि मीही एवढंच मागतो. हे सांगायला धैर्य लागतं, मला कल्पना आहे. छोट्या गावात तर फारच. पण शिक्षकानं ते दाखवलं, तर रांगेतली दोनशे मुलं नागरिकशास्त्राचा एक धडा डोळ्यांनी बघतात.

शेवटी एक गोष्ट गाणाऱ्यांच्या बाजूनं. १९०७ च्या आणि १९३८ च्या विद्यार्थ्यांच्या तोंडी ते गीत इतकं मोलाचं का झालं? कारण ते म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं तर शाळा जाणार होती, तरी त्यांनी म्हटलं. सक्तीच्या रांगेत उभा असलेला मुलगा मनापासून गातो की भीतीपोटी, हे सांगायला काही साधन उरत नाही. त्याचं खरं गाणंही संशयात सापडतं. न गाण्याची मोकळीक असलेल्या शाळेत जो गातो, त्याचं गाणं त्याचं स्वतःचं असतं. ज्यांना ही गीतं प्रिय आहेत, त्यांनी सक्तीला सर्वांत आधी विरोध करायला हवा, आणि तो त्या गीतांच्या प्रेमापोटी.

एवढं बोलून थांबतो. ज्यांना पटलं नसेल त्यांनी प्रश्न जरूर विचारावेत, आणि ज्यांना लगेच पटलं त्यांनी तर नक्कीच विचारावेत.

जयगुरु.